विचारा की! : ‘पॉइंट कापला’ म्हणजे नक्की किती कापला?

यावेळी आलेली पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज वाचताना एक शब्द सारखा समोर येत होता, पॉइंट. दुधाचा पॉइंट, उसाचा पॉइंट, वायरमनचा पॉइंट, महाबळेश्वरचा पॉइंट, कुस्तीतला पॉइंट. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. आधीच एक सांगून ठेवते, पॉइंट हे ठरलेलं माप नाही, प्रत्येक धंद्यात त्याची किंमत वेगळी असते आणि ती किंमत समोरच्याला माहितीय पण आपल्याला नाही असं झालं की पैसे आपले जातात. त्यामुळे कुणी पॉइंट म्हणलं की लगेच विचारायचं, कशाचा आणि एक म्हणजे किती.

प्रश्न : आमच्या तीन गाई आहेत, रोजचं चाळीसेक लिटर दूध डेअरीला जातं. मागच्या महिन्यापासून फॅटचे दोन आणि एसएनएफचे तीन पॉइंट कमी लागतायत असं सांगतात. वडील म्हणतात दोन-तीन पॉइंटनं काय होतंय, पण दुधाचा पगार बराच कमी आलाय. पॉइंट म्हणजे एक टक्का धरायचा का?
– एक वाचक भगिनी, कराड तालुका

नाही ताई, टक्का नाही. डेअरीवरचा पॉइंट म्हणजे टक्क्याचा दहावा भाग, ०.१. तुमच्या गाईच्या दुधाला ३.५ फॅट लागत होतं आणि आता ३.३ लागतंय तर ते दोन पॉइंट. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात जो घन भाग असतो, प्रथिनं, दुधातली साखर, क्षार वगैरे, तो ८.५ वरून ८.२ झाला की तीन पॉइंट. वजनात बघायचं तर फॅटचा एक पॉइंट म्हणजे किलोभर दुधात एक ग्रॅम फॅट कमी. ऐकायला काहीच वाटत नाही.

पण हिशोब मांडा. समजा साडेतीन-साडेआठला ३० रुपये दर आहे आणि प्रत्येक पॉइंटला ३० पैसे कापतात. तुमचे एकूण पाच पॉइंट गेले म्हणजे लिटरमागं दीड रुपया. चाळीस लिटरला रोज ६० रुपये, दहा दिवसांच्या पगारात ६०० आणि महिन्याला १,८०० रुपये. एका गाईच्या पेंडीचा बराचसा खर्च त्यात निघतो, वडिलांना हे कागदावर मांडून दाखवा. आणि प्रत्येक पॉइंटला सारखंच कापतात असंही नसतं, बऱ्याच दरपत्रकात एसएनएफ एका हद्दीच्या खाली गेला की पुढच्या प्रत्येक पॉइंटला जास्त कापतात. म्हणून डेअरीचं दरपत्रक मागून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, आपल्या पावतीवरचे आकडे त्यात बोट ठेवून बघा. मागायला संकोच करू नका, तुमच्या दुधाचा दर आहे तो. आणखी एक विचारा, मशीनवर ३.४८ आलं तर पावतीवर ३.४ लिहितात का ३.५, कारण पॉइंट खाली धरायचा का वर धरायचा यावर रोजचा पैसा ठरतो.

आता पॉइंट जातात कुठं ते. एसएनएफचं आधी बघू कारण वर धरल्याप्रमाणं तुमचा ८.२ आला असेल तर अन्नसुरक्षेच्या नियमानुसार गाईच्या दुधाला कमीत कमी ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ लागतो, म्हणजे तुम्ही त्या रेषेच्याही खाली आहात. दुधात कुणी पाणी घालत नसेल तरी पाणी जातंच. वीस लिटरचा कॅन धुतला, उपडा न ठेवता तसाच घेतला आणि तळाला पाव लिटर पाणी राहिलं तर तेवढ्यानं ८.५ चा एसएनएफ ८.४ होतो, अख्खा एक पॉइंट गेला. दोन वेळचे दोन कॅन, रोज. कॅन आणि किटली निथळून पूर्ण कोरडी करा, हा बिनपैशाचा उपाय आहे आणि आधी हाच करून बघा. दुसरं, एखाद्या गाईला दगडी होत असेल, म्हणजे कासदाह, तर तिच्या दुधाचा एसएनएफ पडतो आणि बाहेरून कास चांगली दिसत असतानाही आत सुरुवात झालेली असू शकते. तिन्ही गाईंचं दूध वेगवेगळं तपासून घ्या म्हणजे कुठली गाय पॉइंट घालवतीय ते कळेल, एकत्र दुधात ते दिसत नाही. संशय आला तर डॉक्टरांना बोलवा.

फॅटचं कारण बहुतेक वेळा वैरणीत आणि धारेत असतं. पावसाळ्यात ओला चारा भरपूर आणि कडबा कमी असं झालं की फॅट उतरतं, सुकी वैरण वाढवली की हळूहळू वर येतं. आणि धार काढताना घाई करू नका, सुरुवातीच्या धारेत फॅट कमी असतं आणि शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त असतं, कास अर्धवट सोडली तर जे दूध राहिलं त्यातच तुमचे पॉइंट राहिले. सकाळ-संध्याकाळच्या धारेतलं अंतरही शक्य तेवढं सारखं ठेवा, अंतर वाढलं की दूध जास्त आणि फॅट कमी येतं.

सॅम्पल घेताना समोर उभं राहा. कॅन नीट ढवळल्याशिवाय सॅम्पल घेतलं तर फॅट बरोबर येत नाही, साय वर असते. जिथं अजून लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता मोजायची काचेची नळी, वापरतात तिथं गरम आणि फेसाळ दुधात रीडिंग कमी दिसतं, आणि लॅक्टोमीटरची एक डिग्री म्हणजे एसएनएफचे अडीच पॉइंट. २८ च्या जागी २७ वाचलं की अडीच पॉइंट गेले, तुमची गाय काही बदलली नाही तरी. त्यामुळे दूध थोडं निवू द्या, फेस बसू द्या, मग मोजायला सांगा. भांडण करायची गरज नाही, नीट विचारलं की बहुतेक ठिकाणी नीट सांगतात.

प्रश्न : आमच्या कारखान्याची रिकव्हरी यंदा एका पॉइंटनं वाढली असं सभेत सांगितलं. मग टनाला किती वाढून मिळायला पाहिजे? माझा साठ टन ऊस जातो.
– एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

दादा, इथंच घोळ आहे. रिकव्हरी म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो टक्का. साखरेच्या बाबतीत कुणी ०.१ ला पॉइंट म्हणतं आणि कुणी सरळ एका टक्क्याला. दोन्हीत दहापट फरक पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा कमीत कमी दर, १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरवली आणि त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे पॉइंट ०.१ चा असेल तर टनाला ३४ रुपये ६० पैसे, तुमच्या साठ टनाला २,०७६ रुपये. आणि पॉइंट पूर्ण टक्क्याचा असेल तर टनाला ३४६ रुपये आणि साठ टनाला २०,७६०. त्यामुळे सभेत हात वर करून विचारा, आधी किती होती आणि आता किती आहे, दोन्ही आकडे सांगा. पॉइंट राहू दे बाजूला.

रिकव्हरी १०.२५ च्या खाली गेली तर त्याच हिशोबानं कमी होतं पण ९.५ पर्यंतच, त्याच्याही खाली गेली तरी टनाला ३,२९० रुपये ५० पैसे हा त्या हंगामाचा तळ होता. आणि यातून तोडणी-वाहतूक वजा होते हे तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न : महाबळेश्वरात सगळ्या जागांना पॉइंटच का म्हणतात? आपले डोंगर, आपल्या दऱ्या, मग आपली नावं नव्हती का?
– एक शिक्षक, वाई

होती गुरुजी, आणि चांगली होती. आज ज्याला आर्थर सीट म्हणतात तो मढीमहाल. केट्स पॉइंट ही नाके खिंड, तिथून खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. विल्सन पॉइंट हा सिंदोळा, महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, १,४३९ मीटर, आणि उगवतीचा नि मावळतीचा सूर्य एकाच जागेवरून बघायचा तर इथूनच. केट ही मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याची मुलगी आणि लॉडविक हा १८२४ साली इथं चढून आलेला इंग्रज लष्करी अधिकारी, त्याच्या नावाचा पॉइंट आणि स्मारक दोन्ही आहे.

आता पॉइंटच का. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या टोचण्यात आहे, टोचून पडलेला ठिपका आणि टोचणारं टोक असे दोन अर्थ त्यातूनच आले. पंक्चर, पंक्चुअल आणि अपॉइंटमेंट ही पण त्याच घरातली भावंडं. टोक या अर्थानं इंग्रज समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला पॉइंट म्हणायचे, मुंबईत राज्यपालांचं निवासस्थान आहे तो मलबार पॉइंट म्हणजे तसलंच टोक. तेच लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला यायचे, आणि इथं डोंगराच्या सोंडा दरीत पुढं आलेल्या, खाली समुद्राऐवजी कोकण किंवा कृष्णाखोरं, म्हणून त्या सोंडांनाही पॉइंट म्हणायला लागले. पुढं सोंडेचा अर्थ विसरला आणि जिथं उभं राहून बघायचं ती जागा एवढाच राहिला. मग सनसेट पॉइंट, सेल्फी पॉइंट, आणि आता घाटात गाडी थांबवून चहा प्यायची जागा म्हणजे टी पॉइंट, वडापावच्या गाड्यावरही पॉइंट लिहिलेलं असतं. याचं मला वाईट वाटत नाही, शब्द वापरात असला की पसरतोच. वाईट वाटतं ते मढीमहाल आणि सिंदोळा पोरांना माहिती नाहीत याचं. सहल नेताना दोन्ही नावं सांगा, तुम्ही सांगितलंत तरच ती टिकतील.

(मिरजेच्या एका वाचकानं विचारलंय की रेल्वेतला पॉइंट्समन कुठले पॉइंट बघतो. रूळ बदलायच्या जागी जे सरकणारे टोकदार रूळ असतात ते पॉइंट्स, गाडी कुठल्या रुळावर जाणार ते त्यांच्यावर ठरतं. मराठीत त्याला सांधेवाला म्हणतात. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते त्यामुळे जुन्या मिरजकरांना हा शब्द नक्की आठवत असणार.)

प्रश्न : मी कबड्डी खेळतो. आजोबा म्हणतात खाशाबांच्या वेळी पॉइंट मिळाले की वाईट असायचं. हे खरंय का?
– इयत्ता नववीतला वाचक, कराड

खरंय बाळा, आजोबांना चांगलं माहितीय. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, तेव्हा कुस्तीत बॅड पॉइंट मोजायचे. चितपट करून जिंकलास तर शून्य, पंचांच्या निर्णयानं जिंकलास तर एक, हरलास तर तीन. पाच किंवा जास्त साठले की स्पर्धेबाहेर. म्हणजे जिंकूनसुद्धा पॉइंट लागायचा, म्हणून चितपटीला फार किंमत. आपल्या मातीतल्या पैलवानाला ते मनापासून पटण्यासारखंच होतं, फडात पाठ टेकवल्याशिवाय कुस्ती झाली असं कोण म्हणतंय. आता उलट आहे, फ्रीस्टाइलमध्ये दहा पॉइंटची आघाडी घेतली की कुस्ती तिथंच संपते, आणि चितपट झाली तर पॉइंट कितीही असोत निकाल लागला.

तुझ्या कबड्डीत तर पॉइंटचेच कितीतरी प्रकार. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस, तीन किंवा कमी असताना पकड केली तर एकाचे दोन, आणि अख्खा संघ बाद केला की लोणाचे दोन वेगळे. हे सगळं पाठ असलेला पोरगा आघाडी धरून खेळतो.

प्रश्न : बँकेतून मेसेज आला, व्याजदर २५ बेसिस पॉइंटनं कमी. पंचवीस म्हणजे बरंच झालं की?
– निवृत्त वाचक, सातारा

काका, बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. पंचवीस म्हणजे पाव टक्का. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ६.५० वरून ६.२५ केला तो एवढाच. वीस लाखाचं वीस वर्षांचं कर्ज ९ वरून ८.७५ टक्क्यावर आलं तर हप्ता साधारण १७,९९५ वरून १७,६७४ होतो, महिन्याला ३२० च्या आसपास वाचतात. हप्ता कमी करून देतात का मुदत, ते मात्र बँकेत जाऊन विचारून घ्या.

प्रश्न : नवीन घराच्या वायरिंगला पॉइंटवर दर सांगितलाय, तो कसा मोजायचा? आणि शेतातल्या मोटरच्या स्टार्टरचे पॉइंट सारखे खराब होतायत, घासून घेतले तर चालतील का?
– द्राक्ष बागायतदार, कवठेमहांकाळ तालुका

वायरमनचा एक पॉइंट म्हणजे साधारण एक बल्ब किंवा पंखा, त्याचं बटण आणि बोर्डापासून तिथपर्यंतची वायर. पण बोर्डावरच जो प्लग असतो तो कुणी पूर्ण पॉइंट धरतं, कुणी अर्धा, कुणी धरतच नाही. जिन्यातला दिवा खालून आणि वरून दोन्हीकडनं लागतो, त्याला दोन बटणं आणि जादा वायर, तो वेगळा मोजतात. गीझर आणि एसीचा पॉवर पॉइंट वेगळाच, त्याला जाड वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. मीटरपासून बोर्डापर्यंतची मेन वायर आणि भिंत फोडून पाइप बसवायचं काम दरात आहे का नाही तेही ठरवा. सगळ्यात चांगलं म्हणजे काम सुरू करायच्या आधी वायरमनला बरोबर घेऊन खोल्याखोल्यातनं फिरा, खडूनं भिंतीवर खुणा करा आणि तिथल्या तिथं मोजून दोघांनी कागदावर लिहा. माल कुणाचा तेही त्याच कागदावर.

स्टार्टरचा पॉइंट ही मात्र वेगळी वस्तू आहे, तो पितळी पट्टीवरचा चांदीच्या मिश्रधातूचा छोटा तुकडा, बटण दाबलं की दोन तुकडे एकमेकांना टेकतात आणि करंट जातो. व्होल्टेज कमी असलं की कॉइल नीट ओढून धरत नाही, पट्टी थरथरते, ठिणग्या पडतात आणि पॉइंट जळून खड्डे पडतात. रात्रीच्या लाइटवर पाणी धरणाऱ्या प्रत्येकानं ती घरघर ऐकली असेल. पॉलिश पेपर मारला की दोन दिवस बरं चालतं पण तेवढ्यात वरची चांदी निघून जाते आणि पुढच्या वेळी जास्त लवकर जळतो. काळे पडलेत पण सपाट आहेत तर हातही लावू नका, ते चालतात. खड्डे पडले असतील तर तिन्ही फेजचा सेट एकदम बदला, एकच बदलू नका. कारण एक पॉइंट नीट टेकला नाही तर मोटर दोनच फेजवर चालते, गरम होते आणि वायंडिंग जळतं, आणि मोटर रिवाइंडिंगच्या खर्चापुढं पॉइंटच्या सेटचा खर्च काहीच नाही. ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरवर जादा भार आला की ती बंद करणारा भाग, मोटरच्या अँपिअरप्रमाणं सेट आहे का ते त्याच वेळी बघून घ्या, एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल तर बसवून घ्या.

आणि हे काम करताना नुसतं स्टार्टरचं बटण बंद करून भागत नाही, बटण बंद असलं तरी वरच्या टर्मिनलला करंट असतो. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, टेस्टरनं तिन्ही फेज बघा आणि मगच पेटीत हात घाला. जमत नसेल तर मेस्त्रीला बोलवा.